मॅडम, बाटली हलवली का?

मॅडम, परवा तुमच्या शोकसभेत बोलणाऱ्या प्रत्येकाने तुम्हाला स्पष्टवक्त्या म्हटलं. एकाने म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं, तिसऱ्या बाई तर म्हणाल्या की लिमये मॅडमनी आयुष्यात एकही गोष्ट गुळमुळीत सांगितली नाही. मी मागे, पंख्याखालची जागा पकडून बसले होते. टेबलावर वक्त्यांसाठी पाण्याची बाटली ठेवली होती आणि सगळा वेळ मी त्या बाटलीकडेच बघत होते. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

माझ्याकडे दोनच शब्द होते. ते त्या सभागृहात बोलण्यासारखे नव्हते.

आता विभागाची पुस्तिका निघते आहे तुमच्या आठवणींची. "तू त्यांची लाडकी, तू लिहायलाच हवंस. आठवण हृद्य असू दे," असा निरोप आला. हृद्य हा शब्द तुम्हाला चालायचा नाही. "हृदयाचं काम रक्त ढकलायचं, ते त्याला करू द्या," म्हणायचात. तेव्हा मी हृद्य वगैरे लिहिणार नाही. छापतील का नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं. मी तुमच्याशी बोलते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानेच सांगते, तेव्हाही सांगायचे. बिबवेवाडीत पप्पांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, 'यशवंत रेडिएटर', एक शटर आणि बाहेर फुटपाथवर पसरलेला सगळा संसार. पहिल्या सत्रात तुमच्या विषयाचा पेपर मी इंग्रजीत लिहिला होता, डिक्शनरी पाठ करून. तुम्ही मला बोलावलंत, पेपर समोर ठेवलात आणि म्हणालात, "हे काय लिहिलंय ते मला मराठीत सांग." मी सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. "मग असंच लिहायचं होतंस. चुकलीस तर चूक तरी स्वच्छ दिसली असती." पुढचा पेपर मी मराठीत लिहिला. चुका स्वच्छ दिसल्या. त्या तुम्ही एकेक करून काढायला लावल्यात, संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर, स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवत. त्या डब्यातल्या मेथीच्या भाजीत गूळ असायचा. मला ती कधीच आवडली नाही आणि मी ती कधी टाकलीही नाही.

त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे गेल्यावर ते सांगायची इच्छा राहील याची खात्री नाही.

तुमचा सगळा जीव पावसाळी गटारांत. लोकांना हसू यायचं. "मॅडम हिमालयात जाऊन नद्यांचा अभ्यास करतात का?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाही, मी चेंबरचं झाकण उघडते." तुमचं म्हणणं सोपं होतं आणि ते मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी त्या पाण्याशेजारीच वाढले होते. रस्त्यावर टायर झिजतात, ब्रेक झिजतात, छपरांचे पत्रे गंजतात, आमच्या गल्लीत डाग द्यायचं सोल्डर सांडतं. त्यातलं जस्त, तांबं, शिसं पाण्यात सुटं सुटं फारसं राहत नाही. ते बारीक कणांना चिकटतं. पाऊस पडला की कण वाहतात आणि त्यांच्या पाठीवर बसून धातू वाहतो. धातू मोजायला मोठं यंत्र लागतं, वाट बघावी लागते, कुणाच्या तरी हातापाया पडावं लागतं. कण किती तरंगताहेत हे बघायला तुमची नळी पुरते.

ती नळी! हातभर लांबीची, पारदर्शक, तळाला काळी फुली. वरून बघत बघत पाणी ओतायचं आणि फुली दिसेनाशी झाली की थांबायचं. जितक्या कमी पाण्यात फुली बुडाली तितके कण जास्त. तुमचं स्वप्न होतं की एकदा एका नाल्याचं कणांशी आणि धातूंशी असलेलं नातं प्रयोगशाळेत नीट बसवून दिलं की पुढे त्या गल्लीतल्या कुणीही, पाचवी शिकलेल्या बाईनेसुद्धा, नळी भरावी आणि सांगावं की आज पाण्यात विष किती.

मी उत्साहाने म्हटलं होतं, "म्हणजे गढूळ असलं की धातू आहेच!" तुम्ही मला टेकडीच्या उतारावरून येणारं पाणी भरायला पाठवलंत. तांबूस, चहासारखं. नळीत फुली लगेच गायब. आमच्या गल्लीतलं पाणी काळपट, त्यातही फुली लगेच गायब. मला वाटलं, दोन्ही सारखीच वाईट. निकाल आले तेव्हा टेकडीच्या मातीवर धातू नावाला होता आणि आमच्या काळ्या गाळावर तो भरभरून होता. "गढूळ म्हणजे वाईट असं नाही, सुजाता," तुम्ही म्हणालात. "गढूळ म्हणजे चौकशी करायला हवी."

आणि तुमचं ते दुसरं वाक्य, जे आमच्या अख्ख्या बॅचने डोक्यावर घेतलं होतं. नमुन्याची बाटली आणून ठेवली की गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी निवळतं. तेच वरचं पाणी ओतून तपासलं तर सगळं कसं छान येतं, कारण जे बघायचं ते तळाशीच राहिलेलं असतं. म्हणून ओतायच्या आधी प्रत्येक वेळी बाटली हलवायची. आमच्यातलं कुणीही बाटलीला हात लावला की खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून तुमचा आवाज यायचा: "हलवली का?" कँटीनमध्ये कुणी सॉसची बाटली उचलली तरी सगळं टेबल ओरडायचं, "हलवली का?" एकदा तुम्ही मागच्याच टेबलावर होतात. आम्ही गार. तुम्ही वळून म्हणालात, "सॉसच्या बाबतीत कपड्यांचीही काळजी घ्या," आणि चहा पीत राहिलात.

माझ्या प्रबंधासाठी तुम्ही आमच्याच गल्लीतलं गटार निवडलंत. मला आधी लाज वाटली, मग राग आला, मग कळलं की तुम्ही ते मुद्दाम केलं होतंत. आठवड्याची उघडीप झाली आणि आभाळ भरून आलं की तुमचा फोन यायचा. एवढे दिवस रस्त्यावर साचलेलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यात उतरतं, तो चुकवायचा नाही. तुम्ही साडी खोचून, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवून रिक्षातून उतरायचात. शेजारच्या गॅरेजमधला एकजण म्हणाला होता, "मॅडम, पाणीच पाहिजे तर आत या की, फिल्टरचं देतो."

"नको. फिल्टरच्या पाण्याला काही सांगता येत नाही," तुम्ही म्हणालात.

हे वाक्य तुमचंच, मॅडम. मी बनवलेलं नाही.

पप्पांनी तुम्हाला दुकानातली एकुलती एक धड खुर्ची दिली. तुम्ही बसला नाहीत. एका उघड्या रेडिएटरकडे बोट दाखवून विचारलंत, "यशवंतराव, यातलं पाणी कुठं ओतता?"

"कुठं म्हंजे? गटारात. घरात ओतू काय?"

"घरात ओतलंत तर निदान कुठं गेलं ते तुम्हाला कळेल."

पप्पा मोठ्याने हसले. "मॅडम, तुमच्यापुढं तोंड उघडायची सोय नाय." पप्पांना आयुष्यात कुणी यशवंतराव म्हटलं नव्हतं. त्या रात्री जेवताना आईला त्यांनी ते ऐकवलं. पुढे कित्येक दिवस आई त्यांना हाक मारायची, "अहो यशवंतराव, भाकरी वाढू का?"

म्हणून सांगते, पुढे जे झालं ते नुसतं माझ्याशी झालं नाही.

तुम्ही निवृत्त झालात, मी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथल्या बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नव्हतं. वरून योजना आली की गल्लीतलं पावसाचं पाणी पाइपने आणून बोअरशेजारी शोषखड्ड्यात जिरवायचं. ऐकायला चांगलीच. नळाला पाणी आलं नाही की वस्ती त्या बोअरचंच पाणी पिते. अभिप्राय द्यायला योजनावाल्यांनी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही मला. रविवारी आपण दोघींनी नमुने घेतले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून प्रत्येक बाटलीचे दोन भाग केले, हलवून. एक भाग फिल्टर पेपरमधून गाळला, एक तसाच ठेवला. गाळलेल्या पाण्यात फक्त विरघळलेला धातू मोजला जातो. कणांवर बसलेला कागदावर राहतो. तुमचाच नियम होता की दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्यायचे, एकटा आकडा कधी द्यायचा नाही.

ते कागद मी अजून विसरले नाही. गाळून झाल्यावर पाणी नितळ आणि कागदावर काळी, चकचकीत साय. तुम्ही चिमट्याने एक कागद उजेडात धरलात. "ही तुमची गल्ली," म्हणालात. मी म्हटलं, "आमची." तुम्ही हसलात.

गाळलेला आकडा मर्यादेत होता. न गाळलेला त्याच्या कित्येक पट.

मग समाजमंदिरातली ती सभा. तसबिरींखाली टेबल, खाली सतरंजीवर बायका, दाराशी गल्लीतले गॅरेजवाले, त्यात पप्पा. मी ऑफिसमधून थेट आले, उशीर झाला, मागेच बसले. तुम्ही उभ्या राहिलात, कडक इस्त्रीची सुती साडी. टेबलावर आपल्याच नमुन्याची बाटली होती. सकाळपासून ती तिथे ठेवलेली असणार, कारण पाणी पूर्ण निवळलेलं होतं. लांबूनही मला तळाची काळी रेघ दिसली. तुम्ही ती बाटली बुचाशी धरून उचललीत. झोपलेलं मूल उचलावं तशी. सावकाश, अजिबात हिंदकळू न देता.

तो हात बघितला आणि तुम्ही काय बोलणार ते मला कळलं.

"बघा, आरपार दिसतंय," तुम्ही म्हणालात. "प्रयोगशाळेत तपासलेलं आहे. धातू मर्यादेत आहेत. योजनेला हरकत घेण्यासारखं काही नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. खरं तर भांडायला नाही. मला वाटलं, तुम्ही विसरलात. माणूस विसरतो. मी हात वर केला आणि आपल्या दोघींनाच कळेल असं विचारलं, "मॅडम, हलवली का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओळखून बघितलंत, याची मला आजही खात्री आहे. आणि म्हणालात, "आपला परिचय?"

आपला परिचय.

लोक हसले. दाराशी कुणीतरी बोललं, "अहो, ती आपल्या यशवंत रेडिएटरवाल्याची सुजाता." तुम्ही मान डोलावलीत. "बरं. सुजाताताई, तपासणी प्रमाणित पद्धतीनंच झाली आहे."

"गाळून की न गाळता?"

"तांत्रिक तपशील इथे नकोत." मग सभेच्या अध्यक्षांनी मला हाताने खाली बसवलं. "बसा ताई. मोठ्या माणसाला बोलू द्या." तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं. शालीसाठी तुम्ही हे केलंत असं मी म्हणणार नाही. तेवढी तर मी तुम्हाला ओळखते. पप्पा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "यशवंतराव पण नाय म्हटलं त्यांनी आज."

दुसऱ्या दिवशी मी सदाशिव पेठेत तुमच्या घरी आले. जिने चढताना काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तुम्ही दार उघडलंत, आत गेलात, चहा ठेवलात. मी म्हटलं, "तुम्ही मला ओळखलं नाहीत."

"आधी चहा घे."

"मला चहा नको."

"मग मी घेते." तुम्ही घेतलात. "हे बघ. गाळाचा आकडा मी काल सांगितला असता तर पुढचा प्रश्न कुठला आला असता? गाळ येतो कुठून. आणि मग पहिलं शटर कुणाचं पडलं असतं?"

"पप्पांचं."

"मग?"

"मग पप्पांना विचारायचं होतं. मला विचारायचं होतं."

"तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक होतं. म्हणून नाही विचारलं."

हे तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मला पटकन राग काढता येईना. पुढे तुम्हीच म्हणालात, खड्ड्यात खडी आहे, वाळू आहे, गाळ तिथेच अडकेल, बोअरपर्यंत जाईल ते विरघळलेलंच. "मी सांगितलेला आकडा खोटा नाही."

"अर्धा आहे," मी म्हटलं. "आणि वाळू गाळाने भरली की? ती काढून नवी टाकणार कोण?"

तुम्ही कप विसळायला उठलात. तो वाद तिथेच राहिला, आजपर्यंत. निघताना मी पुन्हा विचारलं की ओळख का नाकारलीत. तुम्ही म्हणालात, "ओळख दिली असती तर लोक म्हणाले असते, गॅरेजवाल्याच्या पोरीने भरलेलं पाणी. तुझ्याच कामावर शंका आली असती."

म्हणजे तेही माझ्याच भल्यासाठी! मॅडम, मी तुमच्याकडे दया मागितली नव्हती. शिकायला आले तेव्हाही नाही आणि त्या दिवशीही नाही. मी आकडा मागितला होता. वर गल्लीत ओतणारे आमचे होते, खाली वस्तीत पिणारेही आमचेच होते. धंदा वाचवायचा का पाणी, का दोन्हीसाठी काहीतरी शोधायचं, ते भांडण आमचं होतं आणि ते आम्ही करायला हवं होतं. पाण्याबद्दल दुसऱ्यांनी आमच्या वतीने ठरवून टाकायचं, हे आमच्या लोकांना नवीन नाही. तुमच्याकडून मात्र नवीन होतं.

तुम्हाला कदाचित कळलं नसेल की तुमच्या त्या 'आपला परिचय'ने काय झालं. मी त्यानंतर बोअरवर उभी राहून बायकांना सांगत होते की हे पाणी पिऊ नका, निदान खड्डा साफ होईपर्यंत तरी नको. आमच्या शेजारच्या शालन मावशी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मॅडम सांगून गेल्या चांगलंय म्हणून. त्या तुला ओळखत बी नव्हत्या. तू कोण गं?" त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. मी कोण? पावसाळी गटारावर प्रबंध लिहिला आहे म्हणून सांगितलं तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही माझ्या कामावर शंका येऊ नये म्हणून मला ओळखलं नाहीत, आणि त्यानेच माझं काम वाया गेलं.

कुणाला काही झालं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. धातू असा हाक मारून येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

मग मी तुमच्याकडे आले नाही. वाट मात्र बघत होते. एखाद्या रविवारी तुम्ही ती प्लॅस्टिकची टोपी घालून रिक्षातून उतराल, समाजमंदिरात जाल आणि अर्धा राहिलेला आकडा सांगाल, असं मला खरंच वाटत होतं. इतकी वर्षं तुमची विद्यार्थिनी होते ना, दुसरं काही सुचेचना. या पावसाळ्याच्या सुरुवातीला तुमचा मेसेज आला: "उघडीप संपेल असं दिसतंय. नळी तुझ्याकडेच आहे ना?" मी तो बघितला. उत्तर दिलं नाही. ती माफी होती, का तुम्हाला पुन्हा नाल्यावर जायचं होतं, का नुसती नळी परत हवी होती? तुमच्या बाबतीत यातलं काहीही असू शकतं. आता विचारायची सोय नाही आणि याचाही मला तुमच्यावरच राग येतो. तुम्ही एवढ्या स्पष्टवक्त्या, एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं?

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. शोषखड्डा तुंबला. वाळू कधीच गाळाने भरली होती, ती कुणी काढली नव्हती. पाणी खड्ड्यावरून वाहून बोअरच्या तोंडातून थेट आत गेलं आणि दुसऱ्या दिवशी बोअरच्या तोटीला काळपट पाणी आलं. शालन मावशी हंडा घेऊन आमच्या दारात आल्या. "ये, बघ," एवढंच म्हणाल्या.

गेल्या रविवारी पुन्हा समाजमंदिरात सभा झाली. तेच टेबल, त्याच तसबिरी. या वेळी टेबलाच्या त्या बाजूला मी होते. बाटलीत गल्लीतल्या चेंबरचं पाणी होतं, आदल्या दिवशी भरलेलं, निवळलेलं. मी ती उचलून दाखवली. पुढची एक बाई म्हणाली, "चांगलं तर दिसतंय की." मी बाटली हलवली. तळ उठला आणि सगळं पाणी काळं झालं. मग मी दोन्ही आकडे सांगितले, शेजारीशेजारी. आणि गाळ कुठून येतो तेही सांगितलं. रस्त्यावरून, टायरमधून, पत्र्यांवरून, आणि आमच्या गल्लीतून. आमच्या दुकानातूनही.

मग जे व्हायचं ते झालं, ज्याला तुम्ही भ्यालात ते. दाराशी आरडाओरडा सुरू झाला. तुम्हाला फिल्टरचं पाणी देऊ करणारा तो गॅरेजवाला ओरडला, "स्वतःच्या बापाच्या पोटावर पाय देतीस?"

पप्पा उठले. मला वाटलं निघाले. ते म्हणाले, "पोट माझं हाय आणि पाय माझ्या पोरीचा हाय. तुला कुठं लागलं?" हशा पिकला. हशा ओसरल्यावर म्हणाले, "रेडिएटरचं पाणी मी आजपासून ड्रममध्ये धरतो. पुढं त्याचं काय करायचं ते ही सांगंल. बाकीच्यांचं मला माहीत नाय."

"ड्रम धर नाहीतर पिंप धर, यशवंता," शालन मावशी म्हणाल्या, "आधी तो पाइप काढा."

पाइप काढायला परवानगी लागते म्हणे. ती यायची तेव्हा येईल. त्याच दुपारी बायकांनी त्याच्या तोंडात पोती कोंबली. गल्लीतली दोन-तीन दुकानं आता पप्पांशी बोलत नाहीत. एकाने ड्रम आणला आहे, बाकीचे बघू म्हणतात. शटर अजून कुणाचं पडलेलं नाही. उद्या पडेलही, मी खात्री देत नाही. पण लोक भांडले, मॅडम. दोन्ही आकडे ऐकून भांडले. तुम्ही म्हणाला असतात की यातून काही निष्पन्न झालं नाही. मला वाटतं, आम्हाला विचारलं की काय होतं ते एवढंच होतं, आणि तेवढं आम्हाला पुरतं.

सभा उठता उठता शालन मावशी टेबलाशी आल्या. बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे असं हलवून बघायचं तुला कुणी शिकवलं गं?"

आजूबाजूच्या बायका थांबल्या. मला "कुणी नाही" म्हणता आलं असतं. मॅडम, किती सोपं होतं ते, तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही तर ऐकायलाही नव्हतात.

"माझ्या मॅडमनी," मी म्हटलं. "लिमये मॅडमनी."

"मागच्या वेळी इथं आल्या होत्या, त्याच?"

"त्याच. मी त्यांची विद्यार्थिनी."

मावशींनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग त्यांनी का नाही हलवली?"

बाटली माझ्या हातातच होती आणि एवढ्या बोलण्यात गाळ पुन्हा तळाशी बसायला लागला होता, वरचं पाणी पुन्हा निवळायला लागलं होतं. मागून दोन बायका बघायला आल्या. मी बाटली परत हलवली.